गच्चीवरचं भाडं, समोरच्या खिडकीतली भीती

२००५ च्या आसपास मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत एक विषय बिनविरोध पार पडायचा. गच्चीवर मोबाइल कंपनीला अँटेना लावू द्यायच्या, भाड्यातून लिफ्ट दुरुस्त करायची, गळती थांबवायची, जमलंच तर मेंटेनन्स कमी करायचा. गिऱ्हाईक आणणाऱ्या सेक्रेटरीला शाबासकी मिळायची. २०११-१२ मध्ये त्याच सभेत त्याच सेक्रेटरीला लोक धारेवर धरू लागले. अँटेना होत्या तिथेच होत्या, बदलली होती हवा.

त्याआधी भीती फारशी नव्हतीच. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा चर्चा झाली ती दरांची. येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. ते बंद झाले, हँडसेट स्वस्त झाले आणि टॉवर उगवू लागले. २००८ मध्ये केंद्र सरकारने रेडिएशनच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारल्या, पण त्याची बातमी कुणी वाचल्याचं आठवत नाही.

ठिणगी पडली ती २०१० च्या अखेरीला. आयआयटी मुंबईतले प्रा. गिरीश कुमार यांनी टॉवरच्या रेडिएशनवरचा अहवाल दूरसंचार विभागाला दिला. हा माणूस आयुष्यभर अँटेनाच शिकवत आलेला, त्यामुळे त्यांचं म्हणणं ‘कुणीतरी म्हणतंय’ या सदरात टाकता येईना. मुंबईच्या कारमायकल रोडवरच्या एका इमारतीत कॅन्सरचे काही रुग्ण निघाले, आणि समोरच्याच इमारतीवर अँटेना होत्या. मलबार हिलवर अभिनेत्री जुही चावलाच्या घरासमोर सह्याद्री अतिथिगृह. मुख्यमंत्र्यांच्या बैठका होतात तेच. त्याच्या गच्चीवर अँटेनांचा ताफा होता. तिने मोजणी करून घेतली आणि विषय थेट पहिल्या पानावर गेला. एरवी उपनगरातल्या चाळकऱ्याने तक्रार केली असती तर ती वॉर्ड ऑफिसच्या टपालातच निजली असती, हे सांगायला नको.

त्यातच ३१ मे २०११ ला फ्रान्समधल्या लियाँहून बातमी आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’, म्हणजे २-बी गटात टाकलं. १४ देशांतले ३१ शास्त्रज्ञ त्यासाठी आठवडाभर बसले होते. आपल्याकडच्या मथळ्यांतून ‘कदाचित’ गळून गेलं. या गटात तेव्हा कॉफीही होती (मूत्राशयाच्या कर्करोगासंदर्भात, २०१६ मध्ये ती सुटली) आणि पूर्व आशियातल्या खारवलेल्या भाज्याही. आपल्या कैरीच्या लोणच्याचा यात काही संबंध नाही. पुरावा तोकडा आहे पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही, इतकाच त्या गटाचा अर्थ. धोका किती, हे त्यातून कळत नाही. तो निर्णय मुख्यतः फोन कानाला लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवर उभा होता. १३ देशांत झालेल्या इंटरफोन पाहणीत एकूण बोलणं १,६४० तासांच्या वर असलेल्या गटात मेंदूच्या ग्लायोमाचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त दिसलं, पण किती बोललो हे आठवून सांगण्यातल्या चुकांमुळे यावरून कार्यकारणभाव काढता येत नाही, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं होतं. यातलं गच्चीवर काय होतं? जवळजवळ काहीच नाही. तरी मोर्चे गच्चीवरच गेले.

१ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्‌झला दर चौरस मीटरला ४.५ वॅटऐवजी ०.४५ वॅट. बरंचसं जग एका पट्टीने मोजत असताना आपण एकदम दहापट कडक. शास्त्राने सांगितलं म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. लोक चिडले होते, सावधगिरीचं काहीतरी दाखवणं भाग होतं. पण ते चुकीचं होतं असंही मी म्हणणार नाही. शंका असताना हात आखडता घेणं हाही एक शहाणपणाचा मार्ग असतो. नियम मोडला तर एका केंद्रामागे ५ लाख दंड ठरला, पुढे तो १० लाख झाला.

खरी गंमत अँटेनाच्या रचनेत आहे. गच्चीच्या कठड्याला उभी, माणसाएवढी, राखाडी-पांढरी चपटी पेटी दिसते ती अँटेना. तिचा झोत समोर जातो, क्षितिजापेक्षा काही अंश खाली झुकलेला. पाठीमागे आणि पायाखाली फार थोडं पडतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. म्हणजे जिच्या गच्चीवर टॉवर, त्या सोसायटीला भाडं, आणि झोताच्या वाटेवर समोरच्या इमारतीचा त्याच उंचीचा मजला. दूरसंचार विभागाने त्यासाठी अंतरं ठरवली: दोन अँटेना असतील तर समोरची इमारत ३५ मीटरवर हवी, बारा असतील तर ७५ मीटरवर. मुंबई महापालिकेने २०१३ मध्ये धोरण केलं, शाळा-रुग्णालयांवर बंदी घातली, इमारतीतल्या ७० टक्के सदस्यांची आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांची संमती मागितली. समोरच्यांना अंतर मिळालं, संमतीचा अधिकार नाही. त्या काळातली बहुतेक भांडणं उकलून पाहा, आत हाच काटा सापडेल: आम्हाला विचारलं कोणी? याचं उत्तर मात्र दर वेळी ‘कॅन्सर होत नाही’ असं यायचं.

आणि खिशातला फोन? लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. कानाला चिकटलेला हँडसेट अर्ध्या वॅटचाही नसला, तरी शंभर मीटरवरच्या टॉवरपेक्षा तो डोक्यात जास्त ऊर्जा सोडतो. शिवाय सिग्नल क्षीण असेल तर हँडसेट जोर लावतो. टॉवर हटवला की परिसरातला प्रत्येक फोन थोडा जास्त तापतो, हे सांगणारा सभेत खलनायक ठरायचा. हँडसेटसाठीही २०१२ मध्येच मर्यादा कडक झाली, एका ग्रॅम ऊतीच्या सरासरीने किलोमागे १.६ वॅट. *#०७# दाबलं की बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात. टॉवरविरोधी पत्रकावर सह्या करणाऱ्या किती जणांनी तो पाहिला असेल? आणि तीन वर्षांत लोकांचा सूर फिरला. २०१५ मध्ये जो तो कॉल ड्रॉपने वैतागलेला. दूरसंचार नियामक ट्रायने तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाईचा आदेश काढला, सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये तो रद्द केला. कंपन्यांनी बोट दाखवलं टॉवर काढायला लावणाऱ्या रहिवाशांकडे. सोयीचं होतं, पण सर्वस्वी खोटं नव्हतं.

माणसांच्या भीतीबरोबर चिमणीही या खटल्यात ओढली गेली. वने व पर्यावरण मंत्रालयाने ३० ऑगस्ट २०१० ला समिती नेमली, अध्यक्ष बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) तेव्हाचे संचालक असद रहमानी. समितीने ९१९ शोधनिबंध चाळले आणि पक्षी-मधमाश्यांबाबत सावधगिरीचा इशारा दिला. त्याच साली चंदीगडच्या दोन संशोधकांचा प्रयोग ‘करंट सायन्स’मध्ये आला होता. पोळ्यातच चालू मोबाइल ठेवले तर वसाहत खालावते, असा. पण मधमाशी पोळ्यात फोन घेऊन राहत नाही, हा मुद्दा बातम्यांत हरवला. चिमण्या मोबाइलने मेल्या, हे तर शाळेच्या निबंधातसुद्धा जाऊन बसलं. २० मार्चचा चिमणी दिन २०१० पासून सुरू झाला तो नाशिकच्या संस्थेच्या पुढाकाराने, त्यामुळे आपल्याकडे हा विषय अधिकच जिव्हाळ्याचा. पण लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधली मोजदाद पाहा. १९२५ मध्ये तिथे २,६०३ चिमण्या मोजल्या गेल्या, १९७५ मध्ये ५४४ आणि २००० साली ८. ब्रिटनमध्ये मोबाइल सेवा सुरू झाली जानेवारी १९८५ मध्ये. घोडागाड्या गेल्या, त्यांच्या तोबऱ्यांतून सांडणारे दाणे गेले, नंतर पिलांना भरवायचे किडेही कमी झाले. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालाने भारतात चिमणी एकूण स्थिर असल्याचं, मोठ्या शहरांत मात्र घटल्याचं नोंदवलं आणि टॉवरला दोष देण्याजोगा पुरावा नसल्याचंही. आपल्या घरांतून तसबिरीमागची जागा गेली, वळचण गेली, अंगणात पाखडणं-निवडणं गेलं. टॉवरवर राग काढणं सोपं, कारण तो आपण बांधलेला नसतो.

न्यायालयांनी मात्र कधी इकडे, कधी तिकडे कौल दिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, तुरुंगांवरचे टॉवर काढायला सांगितले. २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका कर्करोगग्रस्त घरगड्याच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या गच्चीवरचा टॉवर बंद करवला. २०२३ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने उलट दिशेने जाऊन सांगली जिल्ह्यातल्या चिकुर्डे ग्रामपंचायतीचा टॉवरविरोधी ठराव रद्द केला: धोक्याला शास्त्रीय आधार दाखवलेला नाही म्हणून. मधल्या काळात करोनात ५-जीने माणसं मरतात अशी आवई उठली आणि मे २०२१ मध्ये, देशात कुठेही ५-जीची चाचणीच सुरू नाही, असा खुलासा दूरसंचार विभागाला करावा लागला. पुढच्याच महिन्यात जुही चावलाचा ५-जीविरोधी दावा दिल्ली उच्च न्यायालयाने २० लाखांच्या दंडासह फेटाळला. ऑनलाइन सुनावणीत कुणीतरी तिच्याच सिनेमांची गाणी म्हणत होता. दंड पुढे २ लाखांवर आला, पण गंभीर शंकेचा तमाशा झाला तो झालाच.

शास्त्राचं काय? २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने दोन वर्षं, दिवसाला नऊ तास लहरींत ठेवलेल्या नर उंदरांच्या हृदयात गाठी झाल्याचं सांगितलं, आणि तेच उंदीर लहरींविना वाढलेल्यांपेक्षा जास्त जगले हेही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या पावणेआठ लाख स्त्रियांच्या पाहणीत मोबाइल वापरणाऱ्यांत मेंदूच्या गाठी जास्त निघाल्या नाहीत. २०२४ मध्ये आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यात संबंध सापडला नाही. २०२५ मधल्या प्राण्यांवरच्या आढाव्याने मात्र नर उंदरांतल्या त्या गाठींचा पुरावा भक्कम ठरवला. माणसांकडे पाहिलं तर निश्चिंत व्हावं, उंदरांकडे पाहिलं तर फाइल उघडी ठेवावी. मला स्वतःला पहिली बाजू जड वाटते, आणि फाइल बंद करायची घाई कुणालाही नसावी असंही.

मोजायची सोय आता आहे. २ मे २०१७ पासून ‘तरंग संचार’ पोर्टलवर टॉवरची माहिती मिळते आणि ४,००० रुपये भरले तर घरी येऊन मोजणी होते. संमतीचं मात्र उलटं झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले. खाजगी इमारतीवर टॉवर उभारायला महापालिकेची परवानगी नको, लेखी कळवणं आणि बांधकाम सक्षम असल्याचा अभियंत्याचा दाखला पुरे, असं ठरलं. ५-जीच्या छोट्या अँटेना विजेच्या आणि दिव्याच्या खांबांवर लावायच्या, शहरात एका खांबाला वर्षाला ३०० रुपये आणि खेड्यात १५०, असा दर तेव्हा ठरला. त्या खांबाला ना सर्वसाधारण सभा, ना वरचा मजला. समोर खिडकी असतेच.