नान्नजच्या माळावरचा माळढोक

सोलापुराहून बार्शीच्या वाटेने सुमारे २० किलोमीटर गेले म्हणजे नान्नज लागते. तेथील माळढोक पाहण्याची इच्छा असणाऱ्याने तांबडे फुटण्यापूर्वीच तेथे पोहोचलेले बरे. कारण हा पक्षी चरावयास बाहेर पडतो तो सकाळ-सायंकाळच्या थंड प्रहरी, आणि ऊन चढले म्हणजे झुडपाच्या सावलीत असा निश्चल बसतो की, मीटरभर उंचीचा असूनही दुर्बिणीस सापडत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात वनखात्याच्या परवानगीने मी तेथील मचाणावर बसलो होतो. चंडोलांचे गायन सुरू झाले, काळविटांचा एक कळप दूरवरून निघून गेला, आणि उजेड गवताच्या शेंड्यांवर उतरला तेव्हा डोक्यावर काळी टोपी, लांब फिकट मान आणि बदामी पाठ असलेली एक मादी, दर चार पावलांनी थांबून चोहोंकडे न्याहाळीत, नाकतोडे टिपत चाललेली दिसली. नर दिसला नाही. विणीच्या हंगामात नर गळ्याखालची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबवितो आणि जो खोल हुंकार काढतो तो माळावर फार दूर ऐकू जातो. पण त्यास उत्तर देणारी मादीही हवी. १५ किलोपर्यंत वजन भरणाऱ्या या पक्ष्याची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि लांडगा, कुत्रा, गुरांची खुरे या सर्वांपासून ते वाचले तरच वंश पुढे चालतो.

नान्नजच्या माळढोकाकडे जाणकारांचे लक्ष गेले ते १९७०च्या दशकात, मुख्यतः सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांच्या चिकाटीमुळे; आणि १९७९ साली सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. हेतू उदात्त होता, परंतु या अफाट हद्दीत गावे, बागायती, रस्ते, खाजगी मालकीच्या जमिनी असे सर्व काही आले, खरे गवताळ रान मात्र तुकड्या-तुकड्यांचेच होते. निर्बंधांचा जाच झालेल्या रयतेला हा पक्षीच आपला शत्रू वाटू लागला. पुढे ही हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. तोवर उजनीच्या पाण्यावर ऊस फोफावला होता, आणि ज्या माळास महसुली दफ्तराने पडीक यापलीकडे किंमत दिली नव्हती तो नांगराखाली गेला होता. माझ्या मते माळढोकाचा घात बंदुकीपेक्षा या बेपर्वाईने अधिक केला.

विजेच्या तारांनी त्यात भर घातली. माळढोकाचे डोळे बाजूंना असल्यामुळे समोरची तार त्यास वेळेवर दिसत नाही, आणि जड देहामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. आज देशात उरलेल्या दीडशेच्या आतबाहेर पक्ष्यांपैकी बहुसंख्य राजस्थानात जैसलमेरच्या आसपास आहेत. तेथील प्रजनन केंद्रात २०१९पासून पिले वाढविली जात आहेत, आणि कधी काळी ती सोलापुरास पाठविण्याचे ठरले तर त्यांना उतरावयास माळ शिल्लक हवा.

म्हणून सोलापूरकरांस, विशेषतः वृक्षारोपणाचा उत्साह बाळगणाऱ्या संस्थांस, माझी कळकळीची विनंती आहे की, झाडे अवश्य लावा, पण गवताळ माळावर लावू नका.