हात सुटला तरी वजन सुटू नये



धानाची कापणी झाली, पुंजणे रचून झाले, चुरणे आटोपले आणि चार पैसे हातात आले की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. चामोर्शी, गडचिरोली, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, कुठेही जा, रात्री कुठल्या ना कुठल्या गावात पडदा वर जातोच. वडशाच्या नाटक मंडळ्यांना तर या दिवसांत उसंत नसते. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घर भरते, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. या रंगभूमीची सेवा करणारे आपल्या जिल्ह्याचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या सर्वांनाच आनंद झाला.

पूर्वी गॅसबत्तीच्या उजेडात आणि नटाच्या खड्या आवाजावर नाटक रंगे. पुढे भोंगे आले, आता मोठमोठे स्पीकर बॉक्स आले. दूध, कोंबड्या, भाजीपाला यांच्याबरोबर मंडप आणि साऊंड हाही शेतकऱ्याच्या मुलांचा जोडधंदा झाला आहे. कर्ज काढून सामान घेतलेले असते. मजुरी वाचावी म्हणून पोरगा एकटाच गाडी घेऊन निघतो आणि एकटाच बॉक्स चढवतो. आज बोलायचे आहे ते त्या एकट्या पोराविषयी. त्याच्या आईवडिलांनीही हे वाचावे.

माझी चूक

१९९१ चा हिवाळा. मी तेव्हा नागपूरला कृषी महाविद्यालयात शिकत होतो आणि सुटीत गावी आलो होतो. रात्री नाटक होते. मदतीची मुले चहाला गेली होती. मी म्हटले, एक बॉक्स तर आहे, चढवून टाकू. आडव्या बल्लीला चाक बांधले, नायलॉनचा दोर टाकला आणि ओढू लागलो. बॉक्स पन्नास किलोंचा, मी बावन्नचा! दोर निसटू नये म्हणून तो डाव्या तळहाताला दोन वेढे देऊन गुंडाळला. बॉक्स डोक्याच्या वर गेला, तेवढ्यात पाय घसरला. बॉक्स खाली आला आणि माझा हात वर गेला. बॉक्स जमिनीला टेकला तेव्हा हात सुटला. डाव्या हाताचे मधले बोट आजही पूर्ण मिटत नाही. शेतावर रोवणीचे प्रात्यक्षिक दाखवताना रोप धरतो, तेव्हा त्या दिवसाची आठवण होते. मुले पंधरा मिनिटांत परत आली होती.

चूक ताकदीची नव्हती. माझी मांडणीच अशी होती की हात सुटला तर वजन सुटणार आणि हात न सुटला तर हात जाणार. म्हणून एकट्या माणसाने एकच नियम पाठ करावा : कोणत्याही क्षणी हात सोडला, तरी वजन जिथल्या तिथे थांबले पाहिजे. ज्या साधनात असे होत नाही, ते साधन एकट्याचे नाही.

एका चाकाने ओझे हलके होत नाही

आपल्या वडीलधाऱ्यांनी मोट पाहिलेली आहे. मोटेचे चाक पाण्याचे वजन कमी करत नसे, ते फक्त ओढण्याची दिशा बदलत असे. म्हणून तर बैल लावावे लागत. वर बांधलेल्या एका चाकावरून पन्नास किलो उचलायचे तर पन्नास किलोंहून थोडे अधिकच ओढावे लागते. शिवाय ज्या बल्लीला चाक बांधले, तिच्यावर बॉक्सचे पन्नास आणि तुमच्या ओढीचे पन्नास असा शंभर किलोंचा भार पडतो. पन्नास किलो पेलणारी बल्ली शंभरला मोडली, तर त्यात नवल नाही.

ओझ्याबरोबर वर जाणारे दुसरे चाक लावले, तर ओढ निम्म्यावर येते, मात्र दोर दुप्पट ओढावा लागतो. परंतु हात सुटला तर तेथेही वजन खाली येतेच. विहिरीतील मोटार काढताना आपण चेनकुप्पी वापरतो, तिची गोष्ट निराळी आहे. साखळी सोडली तरी ओझे लटकून राहते, कारण आत अडकण असते. हँडल फिरवून चढणाऱ्या लिफ्ट स्टँडच्या चांगल्या विंचमध्येही तसाच ब्रेक असतो. एकट्याने यांपैकीच साधन घ्यावे. ज्या विंचला नुसता खटका असतो आणि खटका काढताच हँडल भिरभिर फिरते, ती घेऊ नये. फिरत्या हँडलने मनगट मोडते.

काय चढवावे, काय खाली ठेवावे

आधी हे ठरवा, म्हणजे निम्मे काम वाचेल. जाड, घुमणारा आवाज देणारे बासचे बॉक्स जमिनीवरच ठेवावेत. तेथे त्यांचा आवाज कमी तर होत नाहीच, उलट जमिनीमुळे भरदार होतो. आणि सर्वांत जड बॉक्स हेच असतात. बारीक, स्पष्ट आवाज मात्र माणसांच्या डोक्यांनी अडतो. म्हणून संवाद ऐकू येण्यासाठी वरचे हलके बॉक्सच तेवढे चढवावेत. बसलेल्या लोकांसाठी दहा-बारा फूट उंची पुरते. शेजारच्या गावाने वीस फूट चढवले म्हणून आपण बावीस फूट चढवावे, असे काही नाही.

बॉक्सचे वजन अंदाजाने सांगू नका. धानाच्या काट्यावर एकदा तोलून घ्या आणि बॉक्सच्या मागे रंगाने लिहून ठेवा. स्टँडवर किती किलो चालते ते पट्टीवर लिहिलेले असते. मी सांगेन की एकट्याने त्याच्या निम्म्यावर थांबावे. पट्टीवरचा आकडा वजन खांबाला लागून आणि खांब उभा सरळ असेल तेव्हाचा असतो. काट्यांच्या टोकाला वजन ठेवले किंवा खांब कलला, तर तो आकडा खरा राहत नाही.

जागा पाहताना

आपली नाटके बहुधा कापणी झालेल्या बांधीत होतात. वरून माती कडक दिसते, पण आत ओल असते आणि रात्री दव पडते. बैठकीला चालते, पण खांबाच्या एका पायाखाली चार बोटे माती दबली, तर वरचे टोक हातभर कलते. प्रत्येक पायाखाली दीड फूट लांब-रुंद जाड फळी घाला. विटा घालू नका, त्या फुटतात. पातळी पाहायला बाटलीत निम्मे पाणी घेऊन ती आडवी ठेवा, पाणी खरे सांगते. स्टँडचे चारही पाय पूर्ण बाहेर काढून खिळी लावा. जाण्यायेण्याच्या वाटेत येतो म्हणून एक पाय आत घेतला, तर तो स्टँड त्याच बाजूला पडेल.

वर पाहायला विसरू नका. शेतावरून जाणाऱ्या ११ के.व्ही.च्या तारा उघड्या असतात. स्टँड पूर्ण उंच असताना आडवा पडला, तरी तारेपासून चांगला दूरच राहिला पाहिजे, अशी जागा निवडा. तसेच तो पडला तर जेवढी जमीन व्यापेल, तेवढ्यात कोणाची बैठक नको. तेथे दोरी बांधून टाका. पोरे सर्वांत पुढे येऊन बसतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

चढवण्याचा क्रम

घाई न करता हा क्रम पाळा.

पहिले, तारेचा दोर बोटांनी नव्हे, फडक्याने पुसत तपासा. तुटलेला तंतू फडक्याला अडकतो. असा दोर बदला, गाठ मारून चालवू नका. स्टँड पूर्ण वर गेल्यावर आणि पूर्ण खाली आल्यावर, दोन्ही वेळा विंचच्या ढोलावर निदान तीन वेढे शिल्लक राहतात ना, ते पाहा. तेल फक्त चाकांच्या आसांना द्यावे. ब्रेकच्या चकत्यांना तेल लागले तर ब्रेक धरत नाही.

दुसरे, बॉक्स उचलू नका, सरकवा. काटे खालपर्यंत येणारा स्टँड घ्यावा. फळीची उतरंड करून बॉक्स गाडीतून काट्यांवर सरकवता येतो. बॉक्सचे वजन खांबाला चिकटून राहील असा बसवा.

तिसरे, पट्ट्याने बॉक्स काट्यांना आवळा. त्याशिवाय साखळी किंवा तारेचा दुसरा फास बॉक्सच्या कड्यातून स्टँडला अडकवा. पट्टा सुटला तर साखळी धरेल. दोर-पट्टे फार पसरट बांधू नका. दोन दोरांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक दोरावर पूर्ण वजनाएवढा ताण येतो. वायर आधीच जोडून बॉक्सच्या मागे बांधा, म्हणजे वर चढून जोडण्याची वेळ येणार नाही.

चौथे, बॉक्स फक्त वीतभर उचला आणि थांबा. हँडलवरून हात हळूहळू काढा. बॉक्स जागेवर राहतो का? पाय दबतात का? खांब सरळ आहे का? दोन मिनिटे पाहा. येथे जे बिघडेल ते वीतभरावरच बिघडेल. वर गेल्यावर बिघडले तर काय होते, ते माझ्या बोटाला विचारा.

पाचवे, बाजूला उभे राहून हँडल फिरवा. बॉक्सखाली डोकेही नको आणि हातही नको. बॉक्स फिरू नये म्हणून खाली सोडलेला दोर खुंटीला वेढे देऊन बांधा. दोर हाताला, कमरेला किंवा खांद्याला कधीही गुंडाळू नका.

सहावे, उंचीवर आल्यावर खिळ घाला आणि हँडल काढून खिशात ठेवा. लहान मुलांना हँडल फिरवून पाहावेसे वाटतेच.

सातवे, तीन-चार बाजूंनी ताण द्या. खुंट्या स्टँडपासून दूर झुकवून ठोका. बांधीच्या मऊ मातीत खुंटी उपटून येते, म्हणून रेतीची भरलेली पोती किंवा उभी ट्रॉली चांगली.

वारा दुप्पट, जोर चौपट

माघ-फाल्गुनात अवकाळी वारा सुटतो. त्याचा हिशोब पाहा. तीन फूट लांब-रुंद बॉक्स बारा-तेरा फुटांवर आहे, म्हणजे सुमारे चार मीटर. स्टँड आणि बॉक्स मिळून १२० किलो, आणि पायांची टोके मध्यापासून ८० सेंटीमीटरवर. ताशी ३६ किलोमीटरचा वारा अशा बॉक्सवर साधारण सात किलोंचा जोर लावतो. सात गुणिले चार, म्हणजे अठ्ठावीस. स्टँडला उभे धरणारा जोर १२० गुणिले ०.८, म्हणजे शहाण्णव. धोका नाही. पण वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, अठ्ठावीस किलो. अठ्ठावीस गुणिले चार, एकशे बारा. ताण दिलेले नसतील तर स्टँड पडला! त्यावर जाहिरातीचे कापड बांधले असेल तर तो याच्याही आधी पडेल. म्हणून स्टँडला कापडी फलक बांधू नका आणि धूळ उठू लागली की बॉक्स खाली घ्या. नाटक थोडा वेळ थांबले तरी चालते.

पहाटेची वेळ

नाटक संपते तेव्हा पहाट झालेली असते. डोळ्यांवर झोप, अंगावर दव, हँडल ओले, आणि दुसऱ्या गावी संध्याकाळी हजर व्हायचे असते. ही वेळ वाईट. चढवताना असलेली काळजी उतरवताना नसते. माझे ऐका, तोंड धुवा, चहा घ्या, उजाडू द्या. मगच खिळ काढा. उतरवण्याचा क्रमही तोच, फक्त उलटा. ताण शेवटी सोडा, आधी नव्हे.

कधी एकट्याने करू नये

उतारावर, वाऱ्यात, अंधारात, तारांच्या जवळ किंवा पट्टीवरच्या आकड्याच्या निम्म्याहून अधिक वजन असेल तर दुसरा माणूस आल्याशिवाय हात लावू नये. तो ओझे उचलण्यासाठी नको असतो, त्याने फक्त दूर उभे राहून पाय, खांब आणि टोक पाहायचे असते. हँडल फिरवणाऱ्याला हे तिन्ही एकदम दिसत नाही. वेळप्रसंगी धावत जाऊन कोणाला तरी सांगणाराही लागतो. गाव करी ते राव न करी, ही म्हण अशा वेळी आठवावी. नाटकाच्या मंडळाने साऊंडवाल्याशी ठरवतानाच गावातील एक शहाणा माणूस संध्याकाळी आणि सकाळी तासभर देण्याचे कबूल करावे. त्यात पैसा जात नाही.

आणि आयांनो, बाबांनो, पोरगा गाडी घेऊन निघाला की "जेवलास का" एवढेच विचारू नका. "सोबत कोण आहे" हेही विचारा. एकटा असेल तर चेनकुप्पी किंवा ब्रेकची विंच घेतली आहे का, फळ्या घेतल्या आहेत का, हे विचारा. विहिरीतील मोटार काढताना आणि घरावर पाण्याची टाकी चढवतानाही हेच नियम लागू आहेत.

रोवणीला दोन्ही हात लागतात. ते दोन्ही हात घेऊन पोरगा घरी आला पाहिजे.