एचआयव्ही आणि एड्स एकच आहे का? कारणं, प्रसार आणि उपचार सोप्या भाषेत



मी बुलढाणा जिल्ह्यातला. इथं एरवी मोबाईलच्या सेटिंग आणि अ‍ॅपबद्दल लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण त्याची सुरुवात मोबाईलवरच झाली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मित्रानं शिवजयंतीच्या शिबिरात रक्तदान केलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, पुन्हा तपासणी करायची आहे म्हणून. तिथून त्याला सरकारी रुग्णालयात पाठवलं. रिपोर्ट आला : एचआयव्ही पॉझिटिव्ह. त्या रात्री त्यानं मला एका व्हिडिओची लिंक पाठवली. "४० दिवसांत एड्स मुळापासून बरा, किंमत १८ हजार." खाली त्याचा मेसेज, "भाऊ, हे खरं हाये काय? मागवू का?"

मला उत्तर देता आलं नाही. "थांब, सकाळी बोलू," एवढंच लिहिलं. नंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते आज तुम्हाला सांगतो.

एचआयव्ही आणि एड्स यात फरक काय?

एचआयव्ही हा विषाणू आहे. एड्स ही त्याची शेवटची पायरी. आपल्या रक्तात सीडी४ नावाच्या पेशी असतात, त्या शरीराचं संरक्षण करतात. विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो, स्वतःचा कोड पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या कॉपी काढून घेतो. निरोगी माणसात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की एड्स म्हणतात. मग टीबीसारखे आजार सहज गाठतात.

उपचार नसतील तर इथपर्यंत यायला बऱ्याचदा ८-१० वर्षं लागतात. मधल्या काळात माणूस धडधाकट दिसतो. म्हणून चेहरा पाहून किंवा लक्षणं गुगल करून काहीच कळत नाही.

कसा पसरतो?

• कंडोमशिवाय लैंगिक संबंध
• एकाच सुईचा अनेकांसाठी वापर (यात्रेतलं गोंदण आणि टॅटूसुद्धा, सुई नवी आहे का ते बघा)
• बाधित रक्त
• आईकडून बाळाला

एकत्र जेवण, मिठी, डास, एकच संडास, खोकला यातून पसरत नाही. रक्तदान केल्यानंही होत नाही, कारण सुई नवी असते. मात्र फुकटात टेस्ट होईल म्हणून रक्तदान करू नका. लागण अगदी ताजी असेल तर ती चाचणीत सुटू शकते आणि ते रक्त दुसऱ्याला चढू शकतं.

टेस्ट कुठे करायची?

जिल्हा, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात. टेस्ट मोफत, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. लागण झाल्याबरोबर टेस्टमध्ये दिसत नाही, त्यामुळे निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. संबंध येऊन किंवा सुई लागून ७२ तास झाले नसतील तर लगेच सरकारी रुग्णालय गाठा. लागण टाळण्यासाठी २८ दिवसांच्या गोळ्या असतात.

उपचार आहे का?

आहे, पण विषाणू शरीरातून पूर्ण काढणारं औषध सर्वांसाठी अजून नाही. काही पेशींत तो लपून बसतो, तिथं फॅक्टरी रिसेट चालत नाही. एआरटीच्या गोळ्या त्याचं कॉपी काढणं थांबवतात. आपल्या देशात हे उपचार १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत सुरू झाले, आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असो, पॉझिटिव्ह आला की लगेच गोळ्या मिळतात. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी.

ती रोज घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मशीनवर दिसत नाही. मग लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर आईनं वेळेत औषध सुरू केलं तर बाळाचा धोकाही ५ टक्क्यांच्या खाली येतो. गोळी बंद केली की मात्र विषाणू परत वाढतो. म्हणून "मुळापासून बरा" म्हणणारे व्हिडिओ घातक. १८ हजार जातात ते जातात, वर चालू गोळी सुटते.

रिपोर्ट खासगी आहे

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, या कारणावरून नोकरीवर भेदभाव करता येत नाही. कुणाच्या रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकू नका. शंका असेल तर १०९७ वर फोन करा, मोफत आहे.

माझ्या मित्रानं ते औषध मागवलं नाही. त्याला हे कसं झालं, मी कधी विचारलं नाही. गेल्या रिपोर्टमध्ये विषाणू दिसला नाही. रोज रात्री ९ ला त्याच्या मोबाईलवर अलार्म वाजतो. अलार्मला नाव दिलंय "चार्जिंग". मी सोबत असलो की म्हणतो, "लाव बाबा चार्जिंगला," आणि तो गोळी घेतो.

माहिती उपयोगी वाटली तर मित्रांना नक्की पाठवा. ज्याला गरज आहे तो कदाचित विचारणार नाही.