ताट वाढले की सुई!

शेतकरी बंधूंनो, साखरेचा आजार आता शहरापुरता राहिलेला नाही. वसमत घ्या, कळमनुरी घ्या, सेनगाव घ्या, इन्सुलिन घेणारी माणसे गावोगाव आहेत. मात्र ही सुई जेवणाच्या आधी नेमकी किती वेळ घ्यायची, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सुई टोचली की झालं, असे वाटते. घात होतो तो इथेच.

निरोगी माणसाचे स्वादुपिंड दोन तऱ्हांनी इन्सुलिन सोडते. एक, ठिबकसारखे, रात्रंदिवस थोडे थोडे. दुसरे, जेवण पोटात गेले की दांडाला पाणी सोडावे तसे भरभरून. जेवणाच्या वेळची सुई हे दुसरे काम करते.

या सुईत जुने आणि नवे असे दोन प्रकार आहेत. जुन्या, म्हणजे रेग्युलर इन्सुलिनचे कण सहा-सहाच्या गटाने एकमेकांना चिकटलेले असतात. ढेकूळ पाण्यात विरघळायला वेळ लागतो, तसेच हे. गट फुटून कण सुटे झाले की मगच ते रक्तात शिरतात. त्यासाठी अर्धा तास लागतो. म्हणून ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे लागते. त्याचा जोर दोन ते चार तासांनी येतो आणि असर सहा-आठ तास राहतो. भाकरी पचून गेली तरी औषध अंगात काम करीतच असते.

यावर शास्त्रज्ञांनी तोड काढली. इन्सुलिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांच्या दोन माळा. त्यांतल्या एका माळेच्या शेवटाजवळचे दोन मणी त्यांनी अदलाबदल केले. तेवढ्याने कण एकमेकांना घट्ट चिकटेनासे झाले. हेच लिस्प्रो इन्सुलिन, १९९६ साली बाजारात आले. पुढे अस्पार्ट आणि ग्लुलिसिन आले. ही औषधे १० ते १५ मिनिटांत कामाला लागतात, एक-दोन तासांत जोरावर येतात आणि तीन ते पाच तासांत ओसरतात. म्हणून ती ताट समोर आल्यावर किंवा फार तर पंधरा मिनिटे आधी घ्यायची असतात.

आता लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. मुहूर्त बाराचा, पंगत बसते अडीचला. घरून सुई घेऊन निघालेल्या माणसाची साखर मांडवातच उतरते. रात्रीच्या पाळीत वीज आली म्हणून सुई घेऊन, न जेवता मोटार चालू करायला धावणाऱ्याची गतही तीच. म्हणून नियम पक्का करा, जेवण नाही तर जेवणाची ही वेगवान सुईही नाही. दिवसभर पुरणारी लांब पल्ल्याची सुई मात्र मनाने बंद करू नका. एकादशी असो की रोजा, आधी डॉक्टरांना विचारा. दुधासारखे पांढरे दिसणारे मिश्र इन्सुलिन घेत असाल तर त्याची वेळही त्यांच्याकडूनच समजून घ्या.

साखर उतरली की हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, भूक लागते, माणूस बरळतो. लोक म्हणतात, पिऊन आलाय! तसे समजून त्याला आखाड्यावर एकट्याला निजवू नका. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळून पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि मग भाकरी खाऊ घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन लावा, दवाखाना गाठा.

सिरिंजकडेही नीट बघा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० आणि १०० अशा दोन ताकदीच्या मिळतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० चे केशरी. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची असेल, तर १० च्या खुणेपर्यंत भरले तरी अंगात २५ युनिट जातात. अडीच पट! बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा.

सुई पोटाला घ्या, जागा रोज थोडी बदला. मांडीत टोचून लगेच औताच्या मागे चालू लागलात तर औषध ठरल्यापेक्षा लवकर रक्तात उतरते.

उन्हाळ्यात इन्सुलिन गाडीच्या डिकीत किंवा हळद शिजवण्याच्या भट्टीजवळ ठेवू नका, ते बाद होते. न उघडलेली बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रिज नसेल तर एका मातीच्या मडक्यात दुसरे मडके ठेवा, मधे ओली वाळू भरा. पाणी लागणार नाही अशी पिशवी करून बाटली आतल्या मडक्यात ठेवा आणि मडकी सावलीत ठेवा.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनीही एवढे करावे. गावात इन्सुलिन घेणारे कोण, हे आशाताईंना विचारून ठेवावे आणि साखर उतरल्याची लक्षणे ग्रामसभेत एकदा समजावून सांगावीत. खर्च काही नाही. ज्याला सुई आहे त्याने खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि शेजारच्या शेतकऱ्याला ती कुठल्या खिशात आहे हेही सांगून ठेवावे.