कट्ट आवाज आला म्हणजे बरं झालं?

परीक्षेच्या तयारीला बसलेली पोरं रात्री अकराला अभ्यासिकेत काय करतात, हे घरच्यांना सांगू नका. पुस्तक उघडं असतं आणि मोबाईल चालू. मागच्या वर्षी मी ज्या रील्समध्ये अडकलो, त्या ना डान्सच्या होत्या ना क्रिकेटच्या. टेबलावर एक जण झोपलेला, दुसऱ्याने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलेलं. गप्पा मारता मारता एकदम कट्ट! झोपलेला हसतो, कधी रडतो, उठून म्हणतो, ‘दहा वर्षांचं दुखणं गेलं.’ मग कोणाच्या हनुवटीला पट्टा अडकवून डोकं मागे खेचतात, त्याला वाय-स्ट्रॅप म्हणतात. ते बघताना माझीच मान मोकळी झाल्यासारखी वाटायची.

याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, हे नाव तेव्हा कळलं. प्रकार मात्र ओळखीचा होता. आपल्याकडे सलूनमध्ये कटिंग झाली की शेवटी मान एकदा इकडे, एकदा तिकडे. त्याचे वेगळे पैसेही कोणी घेत नाही. आणि आमची आजी पायाळू होती, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत कोणाच्या पाठीत उसण भरली की तो आमच्या उंबऱ्याशी पालथा पडायचा. आजी त्याच्या पाठीला तीनदा हलकेच पाय लावायची. माणूस उठून चहा पिऊन जायचा. बरा व्हायचा का? बरेच जण व्हायचे. उसण तशीही चार-आठ दिवसांत जातेच, हे आजीला कोणी सांगितलं नाही. मलाही नाही.

मान दुखायला लागल्यावर मी गुगल केलं. न्यूयॉर्कचे स्पाइन सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणित मांडलं होतं. सरळ असताना साधारण पाच किलोचं डोकं साठ अंश खाली झुकलं की मानेवर सत्तावीस किलोच्या आसपास भार येतो. हे कॉम्प्युटर मॉडेलवरचं गणित आहे, माणसांवर मोजलेलं नाही. पण वाचून मान आणखी दुखली, हे खरं.

पुण्यात मावसभावाकडे गेलो तेव्हा तिथल्या एका सेंटरमध्ये गेलो. एका सिटिंगचे पंधराशे. त्या माणसाने माझ्या मानेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, ‘पहिला मणका सरकलाय.’ एक्स-रे नाही, काही विचारणं नाही. मग कट्ट. खोटं कशाला सांगू, भारी वाटलं. डोकं हलकं, मान मोकळी. निघताना दहा सिटिंगचं पॅकेज पुढे आलं. दोन दिवस मी सगळ्यांना सांगत सुटलो. तिसऱ्या दिवशी अभ्यासिकेत बसलो आणि दुखणं जागेवर हजर.

माझं सोडा. मी आईलाही तिथे न्यायचं ठरवलं होतं. आई पंचवीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, हातात कात्री, मान खाली. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे मध्ये उठलं की हिशेब मागे पडतो. पाठ, मान, बोटं सगळंच दुखतं. रील तिलाही दाखवली होती. ती म्हणाली, ‘एकदा नेच मला.’ मी पैसेसुद्धा बाजूला काढले होते.

मावसबहीण नर्सिंगला आहे. ती ओरडली, ‘आधी दवाखान्यात दाखव बे, मग कुठं न्यायचं ते ने.’ म्हणून गेलो. फिजिओथेरपीच्या मॅडमनी आईला हात लावायच्या आधी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. चक्कर येते का? हाताला मुंग्या? भांडं हातातून सुटतं का? चालताना तोल जातो का? लघवीवर ताबा आहे ना? कधी पडलात? बीपीची गोळी? पाळी कधी बंद झाली? शेवटचा प्रश्न माझ्यासमोर विचारला म्हणून आई लाजली. पण त्याच उत्तरावरून पुढच्या तपासण्या झाल्या आणि कळलं की हाडं ठिसूळ झालीत. मी पुण्यातल्या सेंटरचं सांगितलं तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘अशा मानेला झटका द्यायचा नसतो.’ मला घाम फुटला.

गल्लीत सगळे म्हणतात तसं आईही म्हणायची, ‘मणक्यात गॅप आलाय.’ मॅडमनी समजावलं की दोन मणक्यांच्या मध्ये जागा सगळ्यांनाच असते, तिथे गादी असते. वयाने ती जागा वाढत नाही, उलट कमी होते. म्हणजे ‘गॅप भरून देतो’ म्हणणारा नेमकं काय भरतो, हा प्रश्नच आहे.

मग मी बसून वाचलं. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला की आतला दाब कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट मोडताना एमआरआय काढून हे दाखवलं. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तर साठहून जास्त वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. दोन्ही हातांत संधिवात सारखाच, म्हणजे नाहीच! त्याला २००९ मध्ये इग-नोबेल मिळालं. घाबरायचं कारण बोटांत नाही, मानेत आहे.

मानेच्या मणक्यांना बाजूला छोटी भोकं असतात आणि त्यातून दोन धमन्या मेंदूकडे जातात. मान जोरात पिळली आणि धमनीचं आतलं अस्तर फाटलं, तर तिथे गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो. हे क्वचित घडतं. काही वेळा धमनी आधीच फाटलेली असते आणि त्याच दुखण्यासाठी माणूस मान मोडून घ्यायला जातो, त्यामुळे दोष कशाला द्यायचा यावर डॉक्टरांतही वाद आहे. पण २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बल्लारीची बातमी आली होती. तिशीतल्या एका तरुणाला सलूनमध्ये मालिश करताना मान मोडल्यावर स्ट्रोक आला. तिशीतला! आपण ‘आपल्याला काय होतंय’ म्हणणाऱ्या वयाचे.

या पद्धतीची सुरुवातही वाचण्यासारखी आहे. १८९५, अमेरिकेतलं डॅव्हनपोर्ट गाव. डी. डी. पामर हा चुंबकीय उपचार करणारा माणूस. त्याने हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि ऐकू यायला लागलं, असा दावा केला. ऐकण्याची नस मानेतून जातच नाही, ती कवटीच्या आत असते. पुढे पामरने बहुतेक सगळे आजार मणका सरकल्यानेच होतात असं मांडलं आणि १९०६ मध्ये परवान्याशिवाय उपचार केले म्हणून तुरुंगातही गेला. आज तिकडे ही चार वर्षांची पदवी आहे, परवाना लागतो, आणि बरेच जण ‘सगळे आजार’वाली भाषा करत नाहीत.

म्हणजे सगळंच थोतांड का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, समजावून सांगणं यांच्यासोबत मणक्यांवर हाताने करायचे उपचारही आहेत. फायदा साधारण व्यायामाइतकाच होतो. पण ते कंबरेबद्दल आहे, आणि शिकलेल्या हातांबद्दल. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपिस्टची निदान राज्यात नोंदणी होते, नंबर विचारता येतो. दहा दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावलेल्याला काय विचारणार? मला राग त्या पंधराशेचा नाही. मला काहीच न विचारता त्याने माझी मान हातात घेतली आणि मी दिली, याचा आहे.

आईच्या हाडांच्या गोळ्या सुरू आहेत. सूप आता मांडीवर नाही, पाटावर उशी ठेवून त्यावर असतं. शंभर विड्या झाल्या की उठून भिंतीला पाठ लावायची, असं ठरलंय. रोज करते असं नाही. मजुरीची घाई असली की उशी जाते बाजूला. पाठ पूर्ण थांबलेली नाही, रात्री झोप मात्र लागते.

सलूनवाला अजूनही कटिंग झाली की हात मानेकडे नेतो. मी ‘मान नको’ म्हणतो.

‘का बे, घाबरला का?’

‘हो,’ म्हणतो, आणि केस झटकून उठतो.