दीव : एका लहानशा बेटावरील दोन दिवस

‘गोवा, दमण आणि दीव’ ही नावे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी एका दमात पाठ केलेली असतात. त्यांतील शेवटचे नाव मात्र नकाशावर शोधू लागले, तर बोट गोव्यापासून फार दूर, सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला जाऊन थांबते. 1987 साली गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला आणि हा जुना सोबतीही वेगळा झाला. गुजरातमधील उना या गावाहून अवघ्या 15 किलोमीटरांच्या आसपास वाट चालली की खाडीवरील पूल येतो आणि आपण बेटावर पाऊल ठेवतो.

मराठी वाचकाला या बेटाचे आणखी एक नाते सांगितले पाहिजे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 साली वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्याच वर्षी, हुमायूनच्या स्वारीने जेरीस येऊन, त्याने त्यांना दीवमध्ये किल्ला बांधण्याची मुभा दिली. वसई 1739 साली चिमाजी आप्पांनी जिंकून घेतली; दीववरील पोर्तुगीज निशाण मात्र 1961 च्या डिसेंबरापर्यंत फडकत राहिले. त्या परवानगीची किंमत बहादूरशहाने स्वतःही मोजली. 1537 साली पोर्तुगीजांच्या गव्हर्नरला भेटून परतत असता दीवच्याच पाण्यात तो मारला गेला.

किल्ला पाहण्यास सकाळची वेळ उत्तम. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूस खडकात खोदलेला खंदक अशी त्याची रचना आहे. तटावर अजूनही तोफा आहेत आणि मुलांना त्यांवरून उतरवणे हे पालकांचे मोठेच काम होऊन बसते. समोर खाडीच्या तोंडाशी पाण्यातच उभा असलेला ‘पाणीकोठा’ हा छोटा दुर्ग दिसतो. 1538 आणि 1546 या साली पडलेल्या दोन्ही वेढ्यांत हा किल्ला टिकला.

पण किल्ला पाहून परत फिरणाऱ्या प्रवाशाने अर्धेच दीव पाहिले, असे आमचे मत आहे. एवढा दगड आला कोठून? जुन्या गावकुसाबाहेर, झांपा दरवाजापासून थोड्याच अंतरावर, नायडा या गुंफा आहेत. गुंफा म्हटल्या तरी येथे मूर्ती नाहीत की चित्रे नाहीत. बांधकामासाठी दगड काढता काढता ही दालने पडली, असे सांगतात. भिंतींवर चौकोनी पायऱ्या-पायऱ्यांसारखे काप दिसतात. छताला जागोजाग भोके आहेत. त्यांतून उन्हाचे झोत खाली येतात आणि झाडांची मुळे भिंतीवरून लोंबत असतात. गव्हर्नरांची नावे इतिहासात आली. ज्या हातांनी हे काप घेतले त्यांचे एकही नाव उरलेले नाही. येथे घाई करू नका. डोळे अंधाराला सरावले, म्हणजेच ती जागा दिसू लागते.

बेट बहुतांशी सपाट असल्याने पुढचा प्रवास सायकलने करावा. फुदम येथे गंगेश्वराचे स्थान आहे. खडकातील पाच शिवलिंगांवर भरतीचे पाणी येऊन आदळते, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. नागव्याची पुळण घोड्याच्या नालासारखी वळलेली आहे. गर्दी तेथेच अधिक असते. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्याने काही मंडळी निराळ्याच ओढीने दीवला येतात. कुटुंबासह जाणाऱ्यांनी सुट्ट्यांचे दिवस टाळलेले बरे. खोडाला फांद्या फुटलेली माडासारखी झाडे येथे आढळतील. त्यांना ‘होका’ म्हणतात. ती आफ्रिकेतून आणली, असे आपणांस कोणीही सांगेल. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ अशा फांद्यांच्या ताडाची एक जात आपल्या पश्चिम किनाऱ्याचीच मानतात.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा.

चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर ‘खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ही नौका बुडविली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. काचेच्या पेटीत नौकेची लहान प्रतिकृती ठेवलेली आहे. मुले तिच्यावरील तोफा मोजू लागतात. तिच्या मागे, काचेतून, समुद्र दिसतो.

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ वणाकबाऱ्यासाठी राखून ठेवा. बेटाच्या पश्चिम टोकाचे हे मच्छीमारांचे गाव. धक्क्यावर होड्या दाटीने लागलेल्या असतात, सुक्या मासळीचा वास दुरूनच येतो, आणि किनाऱ्यावर नव्या होडीच्या लाकडी सांगाड्यावर सुतारांचे काम चाललेले असते. अंधार पडू लागला की ते हत्यारे आवरतात, तोवर थांबा.