तिसरा डोस

छोटे सोबती : लेखांक ९

माझ्या गिनीपिगला, बुंदीला, आकडी आली असंच मला वाटलं. रात्री अकराच्या सुमाराला पिंजऱ्यातून खडखड ऐकू आली. दिवा लावून पाहतो तर ही एका कुशीवर पडून मागचे पाय झाडतेय. उचलायला हात लावला तसे झटके वाढले. मिनिटभराने उठली आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात गवत चघळायला लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फुंकर घालून तिच्या खांद्यावरचे केस बाजूला केले, पिवळट खपली दाखवली आणि म्हणाले, "फेफरं नाही हे. खाज आहे."

गेल्या आठवड्यात आपण गिनीपिगचं खाणं पाहिलं. आज त्याची कातडी.

तिच्यावर राहणाऱ्यांना आपण सरसकट किडे म्हणतो, पण हे जीव आठ पायांचे, कोळ्याच्या कुळातले. वांग्यावर पडणाऱ्या माइटला आपले शेतकरी 'लाल कोळी' म्हणतात, ते अगदी शास्त्राला धरून आहे. गिनीपिगवर यांच्या मुख्यतः दोन जाती दिसतात. कायरोडिस्कॉइडिस केसांना धरून राहतो. तो तसा गरीब. संख्या फार वाढली तरच कंबरेकडचे केस विरळ होतात, खाज सुटते. दुसरा ट्रिक्सॅकॅरस कॅव्हिए. त्याचं शास्त्रीय वर्णन १९७२ साली झालं. माणसाला खरूज देणाऱ्या जिवाचा हा भाऊबंद. मादी कातडीत बोगदा खणते आणि त्यातच अंडी घालते. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा साधारण दोन आठवड्यांत पुरा होतो. हा दोन आठवड्यांचा आकडा लक्षात ठेवा, सगळे उपचार त्याच्याभोवती फिरतात.

खांदे, पाठ, मांडीची आतली बाजू इथे आधी कोंडा दिसतो, मग केस जातात, कातडी जाड होते. खाज इतकी भयंकर की जनावर स्वतःला ओरबाडून रक्त काढतं, खाणं सोडतं, गाभण मादीचा गर्भ पडतो. दुर्लक्ष झालं तर मरतंही. पण प्रत्येक टक्कल म्हणजे खरूज नव्हे. कानामागचा बिनकेसाचा ठिपका जन्मजात असतो. नाकाडोळ्यांभोवती खवले धरले तर बुरशीची शंका घ्यावी, आणि तीही माणसाला लागते. वयस्क मादीच्या दोन्ही कुशी सारख्याच उघड्या पडल्या आणि खाज नसेल, तर बीजाशयात गाठी असू शकतात. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण बोगद्यातला जीव दर वेळी हाती लागतोच असं नाही. त्यामुळे रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही तरी लक्षणांवरून उपचार सुरू करणारे डॉक्टर चुकत नसतात.

औषध बहुधा आयव्हरमेक्टिन, नाहीतर मानेवर थेंब टाकायचं सेलामेक्टिन. आयव्हरमेक्टिन ज्या जिवाणूपासून निघालं तो जपानमधल्या मातीत सापडला होता. त्या कामाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ सालचं नोबेल मिळालं. गुराढोरांसाठीची याची बाटली औषधाच्या दुकानात सहज दिसते आणि घरीच टोचायचा मोह होतो. जरा हिशेब करा. एक टक्का द्रावणात दर मिलीलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं. बुंदीचं वजन ८०० ग्रॅम. किलोला ०.४ मिलिग्रॅम धरलं तर तिला ०.०३२ मिलीलिटर, म्हणजे एक थेंबसुद्धा नाही. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. म्हणून वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून न्यावं आणि मोजणी डॉक्टरांवर सोडावी.

कुत्र्याची गोचीड मारायची पावडर, कापूर घातलेलं तेल, टी ट्री तेल यांतलं काहीही लावू नका. हे प्राणी अंग चाटून साफ करतात. शाम्पूचा उपयोग बोगद्यापर्यंत पोचत नाही. आणि जखम चिघळली म्हणून घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन तर मुळीच नको. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे गेली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाठोपाठ तोही जातो.

आता माझी चूक. औषध हिंडणाऱ्या जिवांना मारतं, अंड्यांना नाही. अंडी फुटली की त्या पोरांसाठी दुसरा डोस, आणि त्यातूनही निसटलेल्यांसाठी तिसरा, दोन डोसांमध्ये दहा ते चौदा दिवस. हे मला पाठ होतं. बुंदीचा तिसरा डोस नेमका गणपतीत आला. आम्ही गावी जायच्या गडबडीत, आणि तिच्या खांद्यावर तोवर मखमलीसारखे केस आलेले. बऱ्या झालेल्या जिवाला आता कशाला टोचायचं, असं म्हणून मी टाळलं. दसऱ्याच्या सुमाराला खांद्यावर पुन्हा कोंडा. पिंजऱ्यातलं लाकडी घरटंही मी ठेवलं होतं, नुसतं झटकून. डॉक्टर रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेला बुंदी आणि तिच्याच पिंजऱ्यातली शेव, दोघींना औषध दिलं. शेव अजून खाजवत नव्हती, पण एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी द्यावं लागतं. प्रत्येक डोसच्या दिवशी गवत आणि भुसा पिशवीत बांधून बाहेर, ट्रे गरम पाण्याने धुऊन उन्हात. लाकडी घरटं टाकून दिलं, त्या जागी बुटांचा खोका; मळला की बदलायचा. दोघींना उचलून माझ्या कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. हे जीव माणसावर वस्ती करत नाहीत, त्या बऱ्या झाल्या तसं तेही गेलं.

मुळात हे येतं कुठून? बहुतेक वेळा दुकानातून, नव्या पिल्लाबरोबर. दिसायला धडधाकट जनावर थोडेसे जीव बाळगून असतं. प्रवासाचा ताण, गाभणपण किंवा क जीवनसत्त्वाची कमतरता झाली की ते उसळतात. म्हणून नवा गिनीपिग तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा, आधी घरच्यांना खाऊ घालून मग त्याच्याकडे जावं, नंतर हात धुवावेत. रोजची ढबू मिरचीची फोड चुकवू नये. आठवड्यातून एकदा उजेडात बसून केसांवर उलटी फुंकर मारून पाहावी. दोन मिनिटांचं काम.

कालनिर्णयच्या पानावर तीन तारखांना लाल गोल केले होते. तिसऱ्या गोलाच्या दिवशी बुंदी टुणटुणीत होती आणि टोपलीत शिरायला अजिबात तयार नव्हती. तशीच उचलून नेली.

(पुढील लेखांक : वाढलेले दात)